कंपनी बंद, पार्ट मिळत नाहीत: जुनं रंधा मशीन पुन्हा कसं उभं करायचं

लिलावातून किंवा बंद पडलेल्या कारखान्यातून घेतलेलं बिडाचं रंधा मशीन वजनाला दणकट आणि भावाला स्वस्त असतं, पण त्याचा एकही सुटा भाग त्याच्या नावाने बाजारात मिळत नाही. लेस्टरच्या वाडकिनचं असो, रॉचडेलच्या रॉबिन्सनचं असो, की पाटी कधीच गळून पडलेलं लुधियाना-राजकोटकडचं असो, रड सारखीच. दुकानदार ‘मिळत नाही’ म्हणतो त्याचा अर्थ त्या नावाचा पार्ट मिळत नाही, एवढाच. मशीन बनवणाऱ्याने बेअरिंग, चेन, पट्टा, स्प्रिंग हे स्वतः बनवलेलंच नव्हतं, त्यानेही ते विकत घेऊन बसवलं होतं. म्हणून दुकानात जाताना मशीनचं नाव घेऊन जाऊ नका, माप घेऊन जा.

पुढचं सगळं १२ इंची सरफेस-कम-थिकनेसर, म्हणजे वर लाकूड सपाट करणारं आणि खाली एकसारख्या जाडीचं करणारं मशीन, डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे. बँडसॉ (पट्टी करवत) किंवा स्पिंडल मोल्डरलाही (लाकडाच्या कडेला आकार देणारं मशीन) यातलं बरंचसं लागू पडतं.

खोलण्याआधी

मशीन अंगणात आलं की पाना हातात घ्यायचा मोह होतो, तो आवरा. आधी मोजमाप करा. कटर शाफ्ट, म्हणजे पाती धरून फिरणारा दांडा, हाताने वर-खाली आणि आत-बाहेर हलवा आणि डायल गेजवर किती हलतो ते लिहा. दोन्ही टेबलांवर सरळपट्टी टाकून फिलर गेजने फट मोजा. थिकनेसरच्या टेबलाचं चाक किती फिरलं की टेबल हलायला लागतं ते बघा. खोलल्यावर यातलं काहीच मोजता येत नाही आणि दोष नेमका कुठे होता ते कळत नाही.

जोडीने बसणाऱ्या प्रत्येक भागावर सेंटर पंचने खूण करा: एका जोडीला एक ठिपका, दुसऱ्या जोडीला दोन. डाव्या-उजव्या बेअरिंगच्या टोप्या दिसायला सारख्या असतात, पण त्यांची बोअर (आतलं गोल भोक) घरासोबत, म्हणजे बेअरिंग बसतं त्या बिडाच्या भागासोबत, एकत्र काढलेली असते. अदलाबदल झाली की शाफ्ट जाम.

मग आटे ओळखा. इंग्लंडमधून आलेल्या जुन्या मशीनवर व्हिटवर्थचे आटे असतात, त्यांचा कोन ५५ अंश. अमेरिकन आणि मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंश. ३/८ इंचाला व्हिटवर्थ आणि यूएनसी (अमेरिकन आट्यांचं प्रमाण) दोन्ही १६ आटे प्रति इंच, त्यामुळे बोल्ट आत जातो, घट्टही होतो, पण आट्याच्या बाजू नीट टेकत नाहीत. १/२ इंचाला मात्र व्हिटवर्थचे १२ आणि यूएनसीचे १३ आटे असतात. तिथे दोन-तीन वेढ्यांनंतर बोल्ट अडला की समजून जा, पाइप लावून जोर करू नका. आणि ‘४ सूत म्हणजे १२ एमएमच’ म्हणून अर्ध्या इंची भोकात एम-१२ (१२ मिमीचा मेट्रिक बोल्ट) घालणं तर सोडाच; तो ढिला बसतो आणि बिडाचे आटे कुरतडून काढतो. साधं थ्रेड गेज इथे हजारोंचं बीड वाचवतं. कटर शाफ्टच्या एका टोकाला उलटे आटे असू शकतात, नट सुटत नसेल तर तेही आठवा.

गंजलेल्या बोल्टावर रॉकेल आणि मोबिल ऑइल निम्मं-निम्मं घालून रात्रभर ठेवा. तरीही सुटला नाही तर भोवतालचं बीड गॅसने सावकाश गरम करा. बिडावर घण घालू नका. पोलाद वाकतं, पण बीड थेट फुटतं.

आधी कटर ब्लॉक बघा, मग पैसे खर्च करा

या मशीनवर बहुतेक सगळ्या गोष्टी जुगाडाने, लेथवर किंवा वेल्डिंगने सुधारता येतात. कटर ब्लॉक (शाफ्टचा पाती बसतात तो जाड भाग), पाती धरणाऱ्या वेज (पाचरी) आणि त्यांचे बोल्ट यांत मात्र जुगाड चालत नाही. १०० मिमी व्यासाचा ब्लॉक ४,३०० आरपीएमला फिरतो तेव्हा पात्याच्या धारेचा वेग सेकंदाला साधारण साडेबावीस मीटर असतो. त्या वेगाने सुटलेलं पातं पत्र्याच्या गार्डने थांबत नाही.

ब्लॉक रॉकेलने स्वच्छ धुऊन चिरा शोधा. स्वस्त पद्धत अशी: रॉकेल लावून पंधरा मिनिटं थांबा, कोरडं पुसा, वर खडूची पूड चोळा. चीर असेल तर आतलं रॉकेल झिरपून खडूवर काळी रेघ उठते. जास्त खात्री हवी असेल तर डाय पेनिट्रंटचे तीन डबे वेल्डिंगच्या दुकानात मिळतात. खाचेच्या तळातले कोपरे आणि बोल्टच्या भोकांच्या कडा विशेष बघा, चीर तिथूनच निघते. चीर सापडली तर ब्लॉक भंगारात. त्यावर वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

आटे गेलेले बोल्ट आणि वेज बदलायच्याच. बोल्ट ८.८ किंवा त्याच्या वरच्या ग्रेडचे घ्या, डोक्यावर आकडा कोरलेला असतो. हार्डवेअरच्या दुकानातला बिनआकड्याचा बोल्ट इथे नको. पाती लांबीप्रमाणे कापून, धार लावून देणारे असतात. त्यांना लांबी, रुंदी, जाडी आणि पोलादाचा प्रकार द्या. नेहमीचं माप ३ मिमी जाडीचं हायस्पीड स्टील. संपूर्ण संच एकदम बदला आणि पाती सोनाराच्या काट्यासारख्या बारीक काट्यावर तोलून घ्या. एकमेकांत एक ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको. फरक असेल तर पात्याच्या मागच्या कडेला घासा, धारेकडे नाही. वेजांचंही असंच.

जुन्या मशीनवर चौकोनी ब्लॉक असेल, म्हणजे चौरस दांड्याच्या बाजूंवर पाती बोल्टने आवळलेली, तर तो दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. चौकोनी ब्लॉक आणि टेबल यांच्या मधल्या मोठ्या फटीत बोटं आत ओढली जातात. गोल ब्लॉक बनवून घ्या. बनवणाऱ्याला जुना शाफ्टच नेऊन द्या, सोबत कागदावर ब्लॉकचा व्यास, लांबी, बेअरिंगच्या जागांची मापं, पुलीकडचं टोक आणि लागणारे आरपीएम लिहून द्या. तयार ब्लॉकवर कमाल आरपीएम कोरून मागा.

बेअरिंग: सगळ्यात जास्त चुका इथेच होतात

इंची बेअरिंग म्हणजे मिळणार नाही, असं धरून लोक थेट लेथवर शाफ्ट चढवतात. आधी मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा तुमच्या गावच्या मोठ्या बेअरिंगवाल्याकडे मापाने विचारा. जुन्या ब्रिटिश मशीनवर हमखास दिसणारं आरएलएस-८, म्हणजे १ इंच बोअर, सव्वादोन इंच बाहेरचा व्यास आणि ५ सूत रुंदी, आजही बनतं. महाग पडतं, पण टर्नरची मजुरी आणि तुमचे दोन दिवस धरले तर बऱ्याचदा परवडतं.

नाहीच मिळालं तर मेट्रिक बेअरिंग बसवायचं. आरएलएस-८ ची मापं मिमीत २५.४ × ५७.१५ × १५.८७५. जवळचं मेट्रिक ६२०५: २५ × ५२ × १५. शाफ्ट ०.४ मिमीने खाली उतरवावा लागेल. त्याने ताकदीत फारसा फरक पडत नाही, पण खांद्याच्या कोपऱ्यात टूलची धारदार खाच राहू देऊ नका, तिथे छोटी गोलाई ठेवा. चीर पडते ती त्या खाचेतूनच. घरात ५७.१५ बाहेर आणि ५२ आत अशी पोलादी स्लीव्ह बसेल, भिंत साधारण अडीच मिमी. रुंदीत ०.८७५ मिमी कमी पडतात, तेवढी रिंग बेअरिंगच्या बाजूला टाका. ती विसरली तर शाफ्ट तेवढा सरकतो आणि पाती टेबलाच्या कडेला घासतात. घराची भिंत जाड असेल तर दुसरा रस्ता चांगला: घर ६२ मिमीला बोअर करा आणि ६३०५ बसवा (२५ × ६२ × १७). हे बेअरिंग जास्त भार घेतं आणि स्लीव्ह लागत नाही. मात्र बोअर केल्यावर बिडाची भिंत किती उरते ते आधी मोजा. ८ मिमीपेक्षा कमी उरत असेल तर स्लीव्हच बरी.

टर्नरला ‘टाइट ठेव’ एवढंच सांगून चालणार नाही, आकडे द्या. २५ मिमीच्या शाफ्टवर बेअरिंगची जागा २५.००२ ते २५.०१५ मिमी. घराची बोअर ५२ असेल तर ५२.००० ते ५२.०३० मिमी. शाफ्टवर घट्ट, घरात हाताच्या अंगठ्याने सरकेल असं. दोन्हीकडे घट्ट केलं की आतली फट संपते आणि बेअरिंग पहिल्याच तासात तापतं. बॉक्सवर सी-३ लिहिलेलं घ्या, वेगाने फिरून गरम होणाऱ्या शाफ्टला ती वाढीव फट लागते.

दोन्ही बेअरिंग घरात बाजूने आवळून टाकणं ही नेहमीची चूक. पुलीकडचं बेअरिंग दोन्ही बाजूंनी पकडा, दुसऱ्या टोकाचं बाहेरचं रेस (कडं) अर्धा मिमी सरकायला मोकळं ठेवा. ४०० मिमीचा शाफ्ट ४० अंशांनी तापला की सुमारे ०.२ मिमी वाढतो. त्याला जागा दिली नाही तर तो गोळ्यांवर दाबतो, आणि मग ‘नवं बेअरिंगच डुप्लिकेट निघालं’ असं म्हणत सगळे दुकानदाराला शिव्या घालतात.

घरात बेअरिंग फिरून बोअर मोठी झाली असेल तर आत सेंटर पंचने ठिपके मारून बेअरिंग बसवून देणारे भेटतील. ते ठिपके महिनाभरात सपाट होतात. झीज ०.१ मिमीच्या आत असेल तर लॉकटाइट ६४१ (बेअरिंग चिकटवून धरणारं द्रव) पुरतं. पाव मिमीपर्यंत ६३८ भरतं, पण इतकी फट असताना बेअरिंग मध्यावर बसतं की नाही ते डायल लावून बघावं लागतं. त्यापुढे स्लीव्हला पर्याय नाही. दोन्ही घरं एकाच बांधणीत, एका रेषेत बोअर करून घ्या. एक आज, एक उद्या असं केलं तर रेष चुकते.

झिजलेल्या शाफ्टचंही तसंच. वेल्डिंगचा थर देऊन खराद मारला तर शाफ्ट वाकतो आणि कटर शाफ्टला ते परवडत नाही. त्याऐवजी मेटल स्प्रे करून ग्राइंड करून घ्या, किंवा नवा शाफ्ट बनवा. फीड रोलरच्या (लाकूड पुढे ढकलणारा रोलर) शाफ्टला एन-८ ग्रेडचं पोलाद पुरेसं, कटर शाफ्टला एन-१९ किंवा एन-२४. नर्लिंग करून, म्हणजे पृष्ठभागावर खरखरीत नक्षी दाबून, फुगवलेली जागा बेअरिंग धरत नाही, नुसतं धरल्यासारखं दाखवते.

एक जुगाड सर्रास दिसतो म्हणून सांगणं भाग आहे: बिडाचं घर फुटलं की तिथे यूसीपीचे पेडस्टल बेअरिंग ठोकणे. फीड रोलरला ठीक आहे, तो मिनिटाला काही फेरेच घेतो. कटर शाफ्टला नाही. यूसीपीची बोअर शाफ्टपेक्षा किंचित मोठी असते आणि ग्रब स्क्रू शाफ्टला एका बाजूला ढकलतो. ४,००० आरपीएमला तेवढी विषमता थरथर म्हणून लाकडावर उमटते.

व्हाइट मेटलची बेअरिंग असतील तर

फार जुन्या मशीनवर गोळ्यांचं बेअरिंगच नसतं, बिडाच्या घरात कथील-शिशाचा पांढरा धातू ओतलेला असतो. ते बघून घाबरू नका, ही दुरुस्ती कारखान्यात होऊ शकते, फक्त सावकाश करायची.

जुना धातू वितळवून काढा, घर पूर्ण कोरडं करा, त्यातल्या पकडीच्या खाचा साफ करा. शाफ्ट जागेवर ठेवून गुण्या आणि पट्टीने रेषेत आणा, दोन्ही टोकं अस्बेस्टॉस नसलेल्या उष्णतारोधक पुट्टीने बंद करा. शाफ्टवर ॲसिटिलीनच्या नुसत्या ज्योतीची काजळी धरा, म्हणजे धातू चिकटत नाही. शाफ्ट आणि घर १०० अंशांच्या वर तापवून घ्या. थंड घरात ओतलेला धातू सुरकुततो आणि पकड घेत नाही. धातूचं तापमान बघायला कोरड्या देवदाराची काडी बुडवा. काडी लगेच काळी पडली पण पेटली नाही, तर ओतायची वेळ झाली. पेटली तर जास्त तापलं आहे, कथील जळतं. वरची मळी काढा आणि एका दमात, न थांबता ओता. पाण्याचा एक थेंबसुद्धा आत नको, वाफेने वितळलेला धातू तोंडावर उडतो. काम उघड्यावर करा, भांडं पुन्हा कधीही स्वयंपाकघरात नेऊ नका.

थंड झाल्यावर मार्किंग ब्लू (कुठे टेकतं ते दाखवणारा निळा रंग) लावून, स्क्रेपरने घासून बसवा. ४० मिमीच्या शाफ्टला ०.०४ ते ०.०५ मिमी फट पुरे. टोपीखाली पातळ पत्र्यांचे थर ठेवा, पुढे झीज झाली की एकेक काढता येतो. तेलाच्या खाचा कडेपर्यंत नेऊ नका, नाहीतर सगळं तेल जमिनीवर.

तडकलेलं बीड

टेबलाचा हात, रोलरचं ब्रॅकेट, फेन्सचा (लाकूड टेकवायच्या उभ्या पट्टीचा) पाय. हे भाग ट्रकमधून उतरवतानाच तुटतात. आधी विचार करा की हा भाग बिडाचाच हवा का. ब्रॅकेट असेल तर १० किंवा १२ मिमीच्या एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटचं वेल्डिंग करून बनवणं स्वस्त आणि मूळपेक्षा मजबूत. वेल्डिंग झाल्यावर मगच भोकं पाडा, आधी पाडली तर ओढून जागा सोडतात.

दुरुस्तच करायचं असेल तर पितळेचं ब्रेझिंग बिडाला वेल्डिंगपेक्षा मानवतं, कारण बीड वितळत नाही आणि कडक पांढरा पट्टा तयार होत नाही. चिरेच्या दोन्ही टोकांना ३-४ मिमीचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग ६० ते ९० अंशांची व्ही खाच करा. ग्राइंडरने बिडातलं ग्रॅफाइट पृष्ठभागावर लिंपलं जातं आणि पितळ घसरतं, म्हणून शेवटचा हात कानशीने मारा किंवा ऑक्सिजन जास्त असलेली ज्योत फिरवून ग्रॅफाइट जाळा. वर्षानुवर्षं तेल प्यालेलं बीड आधी तापवून तेल बाहेर काढा, पुसा, पुन्हा तापवा. सगळा भाग सारखा गरम करा, जोड मंद लाल झाल्यावर फ्लक्स लावून पितळ भरा, आणि लगेच कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरून रात्रभर निवू द्या. उघड्यावर ठेवलं तर शेजारी ‘टिंग’ असा आवाज येतो, म्हणजे नवी चीर.

जागेवरच वेल्डिंग करायचं असेल तर निकेलची कांडी, एका वेळी २५ मिमीपेक्षा लांब टाका नाही, प्रत्येक टाका गरम असतानाच गोल तोंडाच्या हातोडीने हलका ठोकायचा, आणि हात टेकेल इतकं निवल्यावरच पुढचा टाका, तोही दूरच्या जागी. साध्या एमएसच्या कांडीने केलेला जोड ग्राइंडरलाही दाद देत नाही आणि कडेने पुन्हा सुटतो.

नवाच भाग ओतून घ्यायचा असेल तर कोल्हापूरची शिरोली, इचलकरंजी, बेळगाव इथे एक-दोन नग ओतून देणाऱ्या लहान फाउंड्री आहेत. तुटलेले तुकडे एपॉक्सीने चिकटवले की तोच पॅटर्न (साचा बनवायचा नमुना). पण बीड निवताना मीटरला साधारण १० मिमी आखडतं. ३०० मिमीचा भाग जसाच्या तसा दिला तर ३ मिमी लहान मिळेल. म्हणून पॅटर्नवर पुट्टीचा थर चढवा, आणि जिथे मशीनिंग होणार तिथे ३ मिमी वेगळे धरा. बुशच्या भोकाची जागा भरीव ठेवायला सांगा, नंतर ड्रिल करणं सोपं. ग्रेड विचारतील, एफजी २०० पुरेसं आहे.

टेबलाची कटरजवळची ओठाची कड उडालेली असते. ती भरत बसू नका. कड सरळ मिल करून ६ मिमीची पोलादी पट्टी काउंटरसंक स्क्रूने बसवा आणि मग टेबलासोबत ग्राइंड करा. पात्याच्या फिरण्याच्या वर्तुळापासून ३ ते ५ मिमी अंतर ठेवा.

गिअर, चेन, रोलर, स्प्रिंग

गिअर बनवून घ्यायचा तर आधी तो मेट्रिक की इंची ते ठरवा. दात मोजा, त्यात २ मिळवा, बाहेरच्या व्यासाला त्याने भागा. ३८ दातांचा गिअर १०० मिमी भरला तर १०० ÷ ४० म्हणजे मॉड्यूल (दाताच्या मापाचा मेट्रिक आकडा) २.५. तोच १०१.६ मिमी भरला तर तो इंची, १० डीपी (दाताच्या मापाचा इंची आकडा). फरक दीड मिमीचा, पण एकाचा दात दुसऱ्यात बसवला तर आधी रडेल आणि मग तुटेल. दात विषम असतील तर व्हर्निअर समोरासमोर दाताच्या टोकावर बसत नाही, मध्यापासून मोजून दुप्पट करा. जुन्या इंची गिअरचा प्रेशर अँगल (दाताच्या बाजूचा कोन) १४.५ अंश असायची शक्यता मोठी, नव्यांचा २०. खात्री नसेल तर दोन्ही गिअर जोडीने नवे करा. एखादा दातच उडाला असेल आणि गिअर सावकाश चालणाऱ्या फीडचा असेल, तर दाताच्या मुळाशी तीन स्टड बसवून पितळ भरा आणि कानशीने शेजारच्या दाताच्या साच्यावर आणा. बरीच वर्षं चालतं.

फीडची चेन बहुतेक वेळा अर्धा इंच पिचची (दोन पिनांमधलं अंतर) असते. पिच जुळली म्हणून घेऊ नका, रोलरचा व्यास मोजा. ८.५१ मिमी असेल तर ब्रिटिश ०८बी, ७.९ च्या आसपास असेल तर अमेरिकन ४०. ०८बीच्या जागी मोटरसायकलची ४२८ नंबरची चेन चालते, रोलर तोच आणि रुंदी जवळजवळ तीच. सायकलची चेन पिचला जुळते पण अरुंद असते, तिचा विचार सोडा.

रबराचा रोलर सोलपटला असेल तर प्रिंटिंग प्रेसच्या रोलरला रबर चढवणाऱ्याकडे द्या, ८० शोअरच्या आसपास कडकपणा मागा आणि शेवटी ग्राइंड करून मूळ व्यासावर आणायला सांगा. बँडसॉच्या चाकाचं रबरही याच माणसाकडून होतं. तिथे मधली गोलाई राखायला विसरू नये, नाहीतर पट्टी चाकावर टिकत नाही.

स्प्रिंगवाल्याला तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेढे, मोकळी लांबी आणि वेढ्यांची दिशा द्या. तारेत काटकसर किंवा उदारपणा नको: ताठपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, ४ ऐवजी साडेचार मिमीची तार घेतली तर स्प्रिंग दीडपटीहून जास्त कडक होते आणि रोलर मऊ लाकडावर ओळी उमटवतो.

टेबल वर-खाली करणाऱ्या स्क्रूचे मधले आटे झिजतात, टोकाचे कोरे राहतात. दोन्ही टोकांची बांधणी परवानगी देत असेल तर स्क्रू उलटा फिरवून बसवा. नट गनमेटलचा नवा करा, स्क्रू नेऊनच द्या म्हणजे टर्नर त्यावर बसवून बघेल. नवा नट आणि झिजलेला स्क्रू मध्यात ढिले आणि टोकाला घट्ट चालतील, हे धरून चाला.

मोटर आणि स्टार्टर

२,८८० आरपीएमच्या मोटरवर १५० मिमीची पुली आणि कटरवर १००, म्हणजे सुमारे ४,३००. सपाट पट्ट्याच्या जुन्या पुल्या काढून व्ही-बेल्टच्या बसवायला हरकत नाही. ३ एचपीला ए सेक्शनचे दोन पट्टे पुरतात, जोडीने एकाच लांबीचे घ्या. अमेरिकेतून आलेली ६० सायकलची मोटर आपल्या ५० सायकलवर पाच-षष्ठांश वेगाने फिरते, तेव्हा तिची पुली १.२ पट करा. शाफ्टच्या चावीची (पुली शाफ्टवर घसरू न देणारी पट्टी) मापं प्रमाणित आहेत: २२ ते ३० मिमीला ८ × ७, ३० ते ३८ ला १० × ८. रुंदावलेल्या खाचेत पत्रा घालू नका, खाच मोठी मिल करून पायरीची चावी बनवा.

रिवाइंडिंगवाल्याने जुनी गुंडाळी कापण्याआधी वेढे, तारेचा गेज आणि जोडणी लिहून ठेवली आहे ना, ते विचारा. स्टार्टर नो-व्होल्ट कॉइलचाच, म्हणजे वीज गेली की सुटणारा, हवा. लोडशेडिंगनंतर वीज आली की साधा स्विच असलेला रंधा आपोआप सुरू होतो, आणि तेव्हा कोणाचा तरी हात टेबलावर असतो. गार्ड आणि थिकनेसरचे माल परत फेकू न देणारे दाते नवे करावे लागले तर पहिल्याच दिवशी करा. प्रत्येक दाता स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे.

चालवून बघणे

पहिली फेरी पाती आणि वेज दोन्ही काढून. अर्धा तास चालवा, दर दहा मिनिटांनी बंद करून बेअरिंगच्या घरावर हात ठेवा. पाच सेकंद हात टिकत नसेल तर थांबा: ग्रीस जास्त झालं आहे (रिकाम्या जागेच्या एक तृतीयांश पुरे), पट्टा जास्त ताणला आहे, किंवा दुसरं बेअरिंग सरकायला मोकळं नाही.

मग पाती बसवा, ब्लॉकच्या बाहेर साधारण १ मिमी. मागच्या टेबलावर सरळ लाकडी पट्टी ठेवून शाफ्ट हाताने उलटा नव्हे, कापायच्या दिशेने फिरवा. पातं पट्टीला ३ मिमीच्या आसपास पुढे नेईल. प्रत्येक पात्याने आणि पात्याच्या दोन्ही टोकांना तेवढंच न्यायला हवं. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूंना, दोन फेऱ्यांत आवळा. पहिल्या तासानंतर मशीन बंद करून, मेन स्विच काढून पुन्हा आवळा. मशीन सुरू करताना ब्लॉकच्या रेषेत उभं राहू नका.

शेवटी सागाची एक फळी थिकनेसरमधून काढा आणि तिरप्या उजेडात लहरी मोजा. फीड मिनिटाला ८ मीटर, ४,२०० आरपीएम आणि तीन पाती असतील तर लहर ०.६३ मिमीला यायला हवी, म्हणजे दहा लहरी साडेसहा मिमीच्या आत. दहा लहरी १९ मिमी भरल्या तर एकच पातं कापतं आहे आणि बाकीची दोन हवेत फिरत आहेत. पाती पुन्हा लावा. लहरी बरोबर येऊनही फळीवर दूरदूर आडवे पट्टे दिसत असतील तर दोष पात्यांत नाही, फीडच्या चेनमध्ये किंवा तुम्ही भरलेल्या त्या गिअरच्या दातात आहे. पट्ट्यांमधलं अंतर मोजा, रोलरच्या घेराशी ताडून बघा, दोष सापडेल.